बिनलिंबाचे टायर

“लिंबू कुठाय?”

आईचा पहिला प्रश्न हाच. काखेत शेणाची पाटी, डोक्यावर पदर, आणि नजर अंगणात उभ्या असलेल्या पिकअपच्या चाकावर.

अण्णा बादलीत फडकं पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही. “कसलं लिंबू?”

“कसलं म्हंजे? टायर नवं न्हवं हे? चारीच्या चारी नवं. त्यांच्याखाली लिंबू कुठाय?”

“फोडलं असंल दुकानात.”

“असंल?” आईनं पाटी खाली ठेवली. “गाडी तुमची, टायर तुमचं, आणि लिंबू फोडलं का न्हाई ते तुमालाच म्हाईत न्हाई?”

“अगं कामाचं बोल की काहीतरी. सकाळी सकाळी लिंबू लिंबू काय लावलंयस!” असं म्हणून अण्णा उगाचच पुसलेली काच परत पुसायला लागले.

मी ओसरीवर वेणी घालत बसले होते, तिथंच हात थांबला माझा. कारण आमच्या अण्णांना ओळखणाऱ्या कुणालाही हे पटलं नसतं. आमचे अण्णा, म्हणजे हिंदुराव, गाडीच्या बाबतीत महाभाविक माणूस. एकदा वायपरची नुसती रबरी पट्टी बदलली तर त्याला अगरबत्ती ओवाळली होती. नवा भोंगा बसवला तेव्हा नारळ. सीटकव्हर घातलं तेव्हा नारळ आणि वर पेढे. गावातली पोरं म्हणायची, अण्णांच्या गाडीत हवा भरली तरी परसाद मिळतोय. आणि त्याच माणसानं चार नवेकोरे टायर घातले, ते पण साधेसुधे नव्हे, ट्रकसारखे जाडजूड, आणि चाकाखाली एक लिंबू ठेवलं नाही.

“रंजे,” अण्णा गाडी घेऊन गेल्यावर आई हळूच म्हणाली, “काहीतरी शिजतंय.”

“अगं विसरले असतील.”

“जेवायचं विसरंल त्यो माणूस. नारळ विसरायचा न्हाई.”

त्या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तेव्हा आम्ही कोरेगावच्या बाजूला राहत होतो, वर्धनगडाच्या घाटाखाली. चार-पाच एकर रान, दोन म्हशी, आणि ही पिकअप. घर चालायचं ते पिकअपवर. आलं, टोमॅटो, वाटाणा, कुणाचं काय असेल ते अण्णा बाजारात पोचवायचे. गाडीच्या मागच्या फळीवर पेंटरकडनं लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘हणमंत – रंजना’. त्यातलं ‘हणमंत’ आईनं पांढरा रंग मारून पुसायला लावलं होतं. पण रंग पातळ बसला. ऊन पडलं की खालची लाल अक्षरं दिसायची.

हणमंत म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्यासाठी आईच्या मनात तिच्या भावाची पोरगी होती. लहानपणापासनं ठरल्यातच जमा होतं ते. माहेराला आईनं शब्द दिला होता. आणि दादानं काय करावं? त्या साली आमच्या रानात हळद शिजवायला एक बॉयलर आला होता. चाकांवर बसवलेली मोठी टाकी, तिला जोडलेले हळद घालायचे ड्रम, आणि खाली जाळ. ज्याची हळद काढून झाली त्याच्या रानात जाऊन उभं राहायचं, शिजवून द्यायची, आणि पुढच्या गावाला निघायचं. माघ-फाल्गुनात त्या लोकांना घर म्हणून नसतं. बॉयलरवाल्याची पोरगी, रेश्मा, ड्रमवर चढून वाफ बघायची. दादा त्या ड्रमखाली जाळ घालायला बसला, तो उठलाच नाही. हंगाम संपला आणि दोघं लग्न करून मोकळे झाले.

आईनं माहेराला तोंड दाखवलं नाही. मामानं बोलणं टाकलं. एका दुपारी, सगळी भावकी ओसरीवर बसलेली असताना, आई उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “ह्या घरात परत त्याचं नाव निघालं, तर माझं मेलेलं तोंड बघाल.” तिनं ते म्हटलं ते म्हटलं. तीन वर्षं आमच्या घरात ‘हणमंत’ हा शब्द निघाला नाही. शेजारच्या हणमंत सुताराला पण आम्ही ‘त्यो सुतार’ म्हणायचो. मला दादाची इतकी आठवण यायची की कधीकधी मागच्या फळीवरनं हात फिरवायची मी. पण आईची शपथ. बोलायची सोय नव्हती.

तेव्हा सांगायचं म्हणजे, आमचं घर एकदा फुटलं होतं. आता ते परत फुटणार की काय, हीच आईची धास्ती. आणि ते टायर आल्यापासनं धास्तीला रोज काहीतरी खत मिळत गेलं.

एके सकाळी अण्णांनी आईला विचारलं, “तुझं एखादं जुनं लुगडं हाय का गं? गाडी पुसायला.”

“फडकी हायत की ढीगभर.”

“न्हाई, ती खरबरीत हायत. मऊ पायजे. सुती. लई धुतलेलं असलं तर बरं.”

आईनं ट्रंकेतनं काढून दिलं. हिरव्या काठाचं, अंगावर घेतलं तर घेतल्यासारखं वाटू नये इतकं मऊ झालेलं. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम गाडी झाडायला गेली आणि परत आली ती लाल होऊन.

“लुगडं न्हाई गाडीत.”

“टाकलं असेल पुसून.”

“सबंध लुगडं? आणि गाडी बघ जा, धुळीनं माखलीया! कुणाला दिलं माझं लुगडं?” मग माझ्याजवळ येऊन, आवाज दाबून, “रंजे, ह्यो माणूस काल गोठ्यामागं उभा राहून फोनवर हसत हुता. मी बघितलं. असं हसताना मी त्यांना हळदीच्या अंगानं बघितलं हुतं, त्यानंतर न्हाई.”

“आई, काहीतरीच काय! पन्नाशी उलटली त्यांची.”

“म्हातारचळ पन्नाशीनंतरच लागतंय, बाये.”

मला हसू आलं, पण टिकलं नाही. कारण माझा संशय वेगळा होता, आणि माझ्या मते तो जास्त खरा होता. जाड टायर कशाला लागतात? जड काहीतरी वाहायला. आणि आमच्या भागात तेव्हा जड म्हटलं की एकच धंदा जोरात होता, चोरून वाळू काढायचा. आमच्याच गावातल्या एकाचा ट्रक वाळूत पकडला होता, तो तहसील कचेरीच्या आवारात गंजत उभा होता. चाकांतनं गवत आलं होतं. आमची पिकअप तशी उभी राहिली तर आम्ही खायचं काय?

त्यात शेजारच्या माळी काकूंकडं सत्यनारायण झाला. अण्णा सगळ्यांच्या आधी पाट मांडायला जाणारे. त्या दिवशी मांडवाच्या बाहेर, कडुलिंबाखाली बसून राहिले. आत बोलावलं तर “पोट बिघडलंय” म्हणाले. आई परसादाचा द्रोण घेऊन बाहेर आली तर म्हणाले, “राहू दे, रंजीला दे.” आणि रोज घरनं निघताना वेशीवरच्या भैरोबाला हात जोडल्याशिवाय गिअर न टाकणारे अण्णा, आता मान खाली घालून देवळापुढनं सरळ जायला लागले. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. देवघरात पण पाऊल नाही. आंघोळ करायचे, ओसरीवरच चहा प्यायचे, की निघाले.

“बघ,” आई म्हणाली. “पाप करणारा माणूस देवाच्या नजरेला नजर देत न्हाई. हे पक्कं समज.”

तिनं मला टायरवाल्याकडं पिटाळलं. हमरस्त्यावर मुबारकभाईंचं दुकान होतं. त्यांच्याकडं अण्णांचं वर्षानुवर्षं जाणं-येणं. मी गेले तेव्हा ते एका ट्यूबला पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते.

“चाचा, आमच्या अण्णांनी टायर का बदलले हो? जुने तर दिवाळीतच घातले होते.”

“जुने चांगलेच होते. तुझ्याच अण्णांचे आहेत, बघ, तिथं ठेवलेत.” त्यांनी कोपऱ्याकडं हनुवटी केली. “पण ते पडले मऊ. माल वाहायला ठीक. मागं काही ओढायचं म्हटलं की मऊ टायरची बगल लोळते, गाडी मागनं झोले खाते. उतारावर तर मागचा बोजा गाडीला ढकलत नेतो. म्हणून जादा प्लायचे, जास्त थरांचे कडक टायर घातले. वर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यात एक पान वाढवलं.”

“ओढायचं? काय ओढायचं?”

“ते नाही बोलले. वेल्डिंग करून मागं हुक पण लावून घेतला. ‘घाट उतरायचाय,’ एवढंच म्हणाले. शंभरदा विचारलं मला, ‘मुबारक, उतारावर दगा तर नाही ना द्यायचे?’ इतकी काळजी मी त्यांना कधी करताना बघितली नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि मी लिंबं आणून ठेवली होती, दरवेळी ठेवतो तशी. तर नको म्हणाले. घरी घेऊन जा म्हणाले. मला जरा वाईट वाटलं.”

झालं! मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं. नदीतनं वाळू उपसायचा पंप चाकांवर असतो. तोच ओढून नेणार. आईला सांगितलं तर ती जोत्यावर बसलीच.

“बाई असती तर मी झिंज्या धरून आणलं असतं,” ती म्हणाली. “वाळूला काय धरू? एक गेला. आता ह्यांच्या हातात बेड्या पडल्या तर तू आणि मी दोघींनी चुलीपुढं बसून काय राख उकरायची?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘एक गेला’ एवढंसुद्धा ती तीन वर्षांत पहिल्यांदा बोलली होती.

रविवार उजाडला. अण्णा लवकर उठून गाडीभोवती फिरत होते. प्रत्येक चाकावर लाथ मारून बघत होते, मागं वाकून हुक हलवून बघत होते. आईनं धुतलेलं पातळ नेसलं, मला म्हणाली, “चप्पल घाल.”

“कुठं?”

“त्यांच्या बरोबर.”

अण्णांनी दार उघडलं तर आम्ही दोघी आधीच आत बसलेल्या. आई मधे, मी खिडकीला.

“हे काय?”

“मला माहेराला सोडा. भावाचा फोन आला हुता.”

खोटं. मामाचा फोन तीन वर्षांत आला नव्हता, आणि हे अण्णांना माहीत होतं. त्यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “मला गडबड हाय आज. आलं भरायला जायाचंय.”

“जावा की. माहेर वाटंवरच हाय. भरा आलं, आमी बसतो.”

“अगं पण...”

“का वं, बायकू-पोरगी गाडीत बसली तर आलं कडू हुतंय?”

अण्णांनी किल्ली फिरवली. गाडी निघाली. नव्या टायरांचा आवाज वेगळा येत होता, रस्त्यावर घोंगावल्यासारखा. मी मागच्या काचेतनं हौद्यात बघितलं. ताडपत्री नाही, पोती नाहीत. नुसती एक जाड साखळी आणि लाकडी ओंडके, चाकांना लावायला.

“अण्णा,” मी म्हटलं, “आलं साखळीनं बांधतात व्हय?”

“तू गप बस.”

“तिला का गप करताय? बरोबरच इचारलं तिनं.”

“दोघी गप बसा!” अण्णा इतक्या मोठ्यानं कधी बोलत नसत. मग लगेच आवाज खाली आणून म्हणाले, “दोन दिस थांब. सगळं सांगतो. दोन दिसांनी सगळं सांगीन तुला, भैरोबाची...” आणि शपथ अर्धीच सोडून ते थांबले. देवाचं नाव तोंडातनं निसटलं तशी त्यांनी जीभच चावली.

आईनं ते हेरलं. वेस आली. रविवार म्हणजे भैरोबाचा वार. देवळापुढं नारळाच्या पाट्या, गुलाल, माणसं. अण्णांनी वेग कमी केला नाही.

“थांबवा गाडी.”

“उशीर हुतोय.”

“थांबवा म्हणते! न्हाईतर चालत्या गाडीतनं उडी टाकीन.”

अण्णांनी गाडी कडेला घेतली. आई माझ्यावरनं ओलांडून उतरली, पदर खोचला. “चला. दोघं मिळून पाया पडू. आणि देवापुढं उभं राहून सांगा मला, हे टायर कशाला घातलेत.”

“तू ये जाऊन.”

“तुमी?”

“मी हितंच बसतो.”

आई तरातरा पायऱ्या चढून गेली. मी गाडीजवळच उभी राहिले. अण्णा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांची कीवही येत होती. “अण्णा, वाळूचं काम असेल तर नका करू,” मी म्हटलं. “मी शिवणकाम करीन. भागवू आपण.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलले. “वाळू? कसली वाळू, रंजे?”

तेवढ्यात आई आली. मुठीत अंगारा. गाडीच्या खिडकीतनं हात आत घालून तिनं अण्णांच्या कपाळाला अंगठा लावायला नेला. अण्णांनी झटकन मान मागं घेतली.

“लावून घ्या.”

“नको.”

“भैरोबाचा अंगारा हाय. नको?”

“अगं, नको म्हणतोय न्हवं!”

“काय इतकं पाप केलंय वं तुमी, की अंगारा सोसत न्हाई? बाईच्या नादाला लागलेलं बाप्ये दोन-दोनदा अंगारा लावून हिंडत्यात! ते वाळूवालं तर हितंच येऊन नारळाची पोती...”

आणि आई बोलता बोलता थांबली.

हात तसाच खिडकीत. अंगारा थोडा थोडा अण्णांच्या मांडीवर सांडत होता. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठंतरी निघून गेला आणि ती आमच्या दोघांच्याही पलीकडं बघायला लागली. लिंबू नाही. नारळ नाही. परसाद नाही. देवघर नाही. अंगारा नाही. तिच्या मनात एकेक मणी ओवला जात होता, तो मला दिसत होता.

“पापी माणूस अंगाऱ्याला भीत न्हाई,” ती अगदी हळू म्हणाली. “अंगाऱ्याला नको म्हणतंय ते सुतकातलं माणूस. कुणाचं सुतक धरलंय तुमी?”

अण्णांनी मांडीवर सांडलेल्या अंगाऱ्याकडं बघितलं.

“भावकीत कुणी गेलं न्हाई. गेलं असतं तर आधी मला सांगावा आला असता. मला न सांगता, एकट्यानं धरायचं... असं सुतक... कुणाचं?”

ती देवळाच्या खालच्या पायरीवर बसली, रस्त्याच्या धुळीत पाय पसरून. तीन वर्षं जे नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं, ते तिनं स्वतः उच्चारलं.

“हणमंत,” ती म्हणाली. “माझा हणमंत गेला? आणि मी तुमाला लिंबू इचारत बसले?”

दादा गेला, आणि मी वाळूचा हिशेब करत होते! मी गाडीचं दार धरून उभी राहिले.

अण्णा गाडीतनं अक्षरशः उडी मारून उतरले. “अगं येडी का खुळी तू! गप! गप बस! काय बोलतीस हे शुभ वेळेला!” ते तिच्यापुढं उकिडवे बसले, पण देवळाच्या पायरीला पाय लागणार नाही अशा बेतानं. “सुतक न्हाई गं बाई. सोयर हाय! सोयर!”

मरणाचं ते सुतक आणि जन्माचं ते सोयर. दोन्हींत देव शिवायचा नसतो, देऊळ चढायचं नसतं, नारळ-लिंबू काही करायचं नसतं. बाहेरनं बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. आणि आमच्या घरात सोयर असो नाहीतर सुतक, आईनं सांगितल्याशिवाय कुणी पाळत नसे. त्यामुळं अण्णा आपलं आपण एखादं पाळत असतील, हे आम्हाला स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

“सोयर?” आई म्हणाली.

“पोरगी झाली. बाळंतीण बरी हाय. तो पण बरा हाय. चांगला धडधाकट हाय.” अण्णा नाव घ्यायला अजूनही बिचकत होते. “आठवडा झाला. घाटावर एकाच्या रानात हळद शिजवत हुते, तिथंच पोट दुखायला लागलं. गावच्या दवाखान्यात नेलं, दोन दिसांनी सोडलं. आणि तेवढ्यात बॉयलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन बसलं. बॉयलर जागचा हलंना. तिथली हळद आज संपतीया. रानवाला म्हणतोय, जागा मोकळी करा, मला नांगरट करायची हाय. खाली आपल्या भागात गिऱ्हाईकं वाट बघत्यात. त्यांनी दुसरा बॉयलर बोलावला तर ह्यांचा हंगाम बुडला. तवा म्हटलं, मीच ओढून आणतो घाटाखाली.”

“आणि बाळंतीण?”

“तिथंच. बॉयलरच्या शेजारी पाल टाकलंय.”

“पालात?” आईचा आवाज चढला. “आठ दिसांची बाळंतीण पालात? उघड्या रानात? आणि तुमी टायर बदलत बसला?”

“अगं, घाटात बॉयलरनं गाडी ढकलली असती. मागं पोरगा बसणार, पुढं लेकरू...”

“मला का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर सोयर तुला पण लागलं असतं. कानावर पडलं की लागतं. मग तुझा देव बंद. माळ्याच्या सत्यनारायणाला तू गेली न्हाईस तर सगळी इचारणार, का? मग कुणाचं नाव घेऊन सांगायचं? तूच शपथ घातली हुतीस की.”

“शपथ त्याच्या नावाची घातली हुती!” आई कडाडली. “नातीचं नाव घ्यायला कुणी तुमचं त्वांड धरलं हुतं?”

“तिचं नाव अजून ठेवलंच न्हाई,” अण्णा बिचारे म्हणाले.

मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू. दोन्ही एकदम आलं, आवरेना. आईनं माझ्याकडं एकदा डोळे वटारून बघितलं. मग अण्णांकडं वळली.

“ते लुगडं?”

“त्याच दिशी नेऊन दिलं. दुपट्याला. म्हटलं आजीच्या लुगड्यात गुंडाळावं पोरगीला. रीत हाय ती.”

आईनं पदरानं तोंड पुसलं. ती रडत होती का, ते मला कळलं नाही, कारण पदर बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा ती उठून उभी राहिली होती, आणि तिची उजवी मूठ अजून आवळलेली होती. मुठीत अंगारा.

तिनं मुठीकडं बघितलं. मग देवळाकडं बघितलं. वर नाना गुरव उभा होता, खाली नारळवाल्या दोन बायका, रविवारची बरीच माणसं. माळी काकूपण होत्या. आमचा तमाशा सगळेच बघत होते. आई पायरी चढली नाही. पायरीपासनं दोन हात मागं सरकली, आणि खणखणीत आवाजात, जसं तिनं त्या दुपारी भावकीपुढं सांगितलं होतं तसंच, म्हणाली,

“नाना, ह्यो अंगारा परत घ्या. आमाला चालत न्हाई.”

नाना गुरव गोंधळला. “का वं वयनी? आत्ता तर घेऊन गेला.”

“आत्ता कानावर पडलं. आमच्यात सोयर हाय. माझ्या हणमंताला पोरगी झाली.”

एक नारळवाली म्हणाली, “अगं बया!” आणि माळी काकूंनी तोंडाला पदर लावला. नाना खाली आला, त्यानं ओंजळ पुढं केली, आईनं वरनं, हाताला हात न लागता, अंगारा सोडला. मग गाडीत येऊन या खेपेला खिडकीशी बसली.

“चला.”

अण्णांनी गाडी सुरू केली. थोडं पुढं गेल्यावर आईनं परत थांबवायला लावलं. दुकानातनं डिंक, खारीक, सुंठ, गूळ, जे दिसेल ते उचललं आणि माझ्या मांडीवर टाकलं. घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा रस्ता चढायला लागला. नवे टायर घोंगावत होते. आई खिडकीतनं खाली वाकून चाकाकडं बघत होती.

“टायर धरत्यात न्हवं नीट? येताना उतार हाय.”

“धरत्यात. म्हणून तर घातलं.”

“पोरगी माझ्याजवळ पुढं बसंल. रेश्मा पण पुढं. रंजी मागं.”

“बरं.” मी म्हटलं. मला मागंच बसायचं होतं, दादाजवळ.

मग अण्णा चाचरत म्हणाले, “दोन-चार दिसात सोयर फिटंल. फिटलं की त्याच दिशी लिंबं आणतो. चार.”

आई समोर रस्त्याकडं बघत होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं.

“चार कशी?” ती म्हणाली. “सहा आणा. बॉयलरला पण दोन चाकं हायत न्हवं?”